दुसरी प्रत

शुक्रवारचं वाचन चारला सुरू व्हायचं. पण त्या शुक्रवारी साडेतीनलाच सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या धरल्या होत्या. फक्त टेबलाच्या टोकाची, हात असलेली खुर्ची रिकामी होती. एकतीस वर्षं तिच्यात बसणारे आप्पा आज खिडकीजवळ एका साध्या खुर्चीवर बसले होते आणि बाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललं आहे अशा चेहऱ्याने बाहेर बघत होते. बाहेर काहीही चाललं नव्हतं.

आप्पांच्या लेकीने, ताईने, समोरचे कागद तिसऱ्यांदा एकसारखे केले. कागद, पेन्सिल, पितळी पट्टी. पट्टीच्या टोकाचा पहिला अर्धा सेंटीमीटर झिजून गेला होता, म्हणून ती शून्यापासून न मोजता एकपासून मोजायची आणि शेवटी एक वजा करायची. नवी पट्टी घे, असं धाकटा भाऊ दर वर्षी सांगायचा. हातातली सवय मोडून नवी पट्टी घेण्याइतकं काय अडलंय, असं ती दर वर्षी विचारायची.

ऑफिस घराच्या खालच्या मजल्यावर होतं. काम सांगायला सोपं होतं. लोकांच्या बातम्या वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर येतील असं बघायचं, आणि दर शुक्रवारी त्यांना सांगायचं: या आठवड्यात तुमच्याबद्दल किती आलं, चांगलं किती, वाईट किती, आणि एकूण पत्रकार मंडळी सध्या कशाच्या मागे आहेत. पहिल्या भागाला घरात ‘आकडे’ म्हणत, दुसऱ्याला ‘कल’. आप्पा दोन्ही वाचायचे. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, आवाज दोऱ्यासारखा बारीक झाला, तेव्हापासून आकडे ताई वाचत होती आणि कल सूनबाई.

आणि सोमवारी जेवताना आप्पा म्हणाले होते, “शुक्रवारपासून एकीनेच वाचायचं. दोघी वाचता तेव्हा अहवालाचे दोन तुकडे होतात. लिफ्टवाल्यांना बोलावलंय, त्यांच्यासमोरच सांगतो.”

आत्याने भाताचा चमचा हवेतच धरला होता. आप्पांची ही बहीण ऑफिसच्या पहिल्या दिवसापासून कात्रणं कापत होती. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते तिने त्या दिवशी उच्चारलं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं: जो वाचतो त्याचं ऑफिस.

त्यानंतर चार दिवस घरात सगळे एकमेकांशी इतके गोड बोलत होते की चहात साखर घालायची गरज नव्हती.

*

बुधवारी पहाटे दारातली वर्तमानपत्रं ताईनेच उचलली होती. रोज तीच उचलायची. प्रत्येकाच्या दोन प्रती. हा आप्पांचा नियम होता, आणि त्याला कारण होतं. कागदाला दोन बाजू असतात. पान पाचवरची बातमी कापली की तिच्या पाठीमागचं पान सहा आपोआप कापलं जातं. म्हणून पहिली प्रत विषम पानांसाठी, दुसरी सम पानांसाठी. आत्या पहिलीवर लाल ठिपका द्यायची, दुसरीवर निळा. दुसऱ्या प्रतीत फारसं कापायचं नसायचं, त्यामुळे ती दुपारी वर घरात टीपॉयवर जायची आणि दिवसभर सगळे ती चाळायचे.

त्या बुधवारी एका पुरवणीच्या पान पाचवर सूनबाई होती.

पाच रकाने. वर फोटो. मथळा: ‘बातमीमागची बाई’. सूनबाई हसत होती आणि तिचा हात टोकाच्या खुर्चीच्या पाठीवर होता. हा फोटो काढला तेव्हा ताई तिथेच टेबलाशी मोजत बसली होती. फोटोवाला तिला म्हणाला होता, “मॅडम, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.” ती बाजूला झाली होती.

तिने उभ्याउभ्याच वाचलं. ‘अवघ्या चार वर्षांत त्यांनी या संस्थेला नवा चेहरा दिला.’ मग लिफ्टवाल्यांच्या कंपनीसाठी केलेल्या कामाबद्दल दोन परिच्छेद. मग बालपण, छंद. सगळ्यात शेवटी: ‘या वाटचालीत त्यांना कुटुंबातील अन्य सदस्यांचेही सहकार्य लाभते.’

अन्य सदस्य. एकोणीस वर्षं.

सोमवारी आप्पांनी जाहीर करायचं आणि बुधवारी हे छापून यायचं. ताईला योगायोगांवर विश्वास ठेवायची सवय नव्हती. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या तर त्यांत संबंध शोधायचा, हेच तर तिचं काम होतं. पाठीमागून आप्पांनी सांगितल्याशिवाय कोणी अर्धं पान देत नाही, असं तिने ठरवून टाकलं. मग ती टेबलाशी बसली आणि जे कळलंच पाहिजे ते जाणून घ्यावं तसं पट्टीने तिने ते मोजलं. उंची गुणिले रकाने, तो आकडा दुसऱ्या प्रतीच्या समासात लिहिला.

पहिली प्रत आत्या दहापर्यंत कापून टाकणार, पुठ्ठ्यावर चिकटवणार, फाईलमध्ये लावणार. प्रश्न दुसरीचा होता. दुसरी दिवसभर टीपॉयवर पडणार. येणारा-जाणारा उचलणार. शेजारच्या काकू मोठ्याने वाचून दाखवणार. ताईने पुरवणीची दुसरी प्रत घडी करून आपल्या खणात ठेवली आणि खण बंद केला. किल्ली फिरवताना तिला वाटलं होतं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

“पुरवणीची दुसरी कुठे गं?” आत्याने नऊ वाजता विचारलं.

“आली नाही वाटतं. पेपरवाल्याने एकच टाकली.”

“मागवू का?”

“राहू दे. पुरवणीत काय असतं, आत्या.”

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग कात्री उचलली.

*

सूनबाईने कलाची पानं उलटसुलट करून पाहिली. सगळं पाठ होतं. तिचं लक्ष वेगळ्याच ठिकाणी होतं.

बुधवारी जेवायच्या वेळी ती मुद्दाम पाच मिनिटं उशिरा वर गेली होती. आपण नसताना सगळ्यांना बोलता यावं म्हणून. ती गेली तेव्हा विषय गॅसच्या शेगडीचा चालू होता. टीपॉयवर बाकी सगळी वर्तमानपत्रं होती. ती पुरवणी नव्हती. तिने ती शोधली नाही. सासरच्या घरात आपला फोटो शोधत फिरणं बरं दिसत नाही. नवरा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, रात्री मोबाईलवर बघून म्हणाला, “मस्त आलाय फोटो,” आणि मोबाईल चार्जिंगला लावला. बस्स. बाकी कोणी एक अक्षर काढलं नाही. गुरुवारी तिच्या आईचा फोन आला, “अगं, आम्हाला एक अंक ठेव ना.” कोपऱ्यावरचा स्टॉलवाला म्हणाला, कालचा अंक आज कुठला मिळायला?

आता तिने समोर ताईकडे बघितलं. पेन्सिल, पट्टी, कागद, सगळं काटकोनात. ही बाई कधी आवाज चढवत नाही, कधी हसवत नाही, कोणा पत्रकाराला नावाने ओळखत नाही. तरी ताईने आकडा वाचला की आप्पांची मान हलते. प्रत्येक आकड्याला हलते, जशी गाण्याला हलावी तशी. आपण कल वाचायला लागलो की आप्पा खिडकीबाहेर बघतात. चार वर्षांत कल एकदाही चुकला नव्हता. आणि चार वर्षांत आप्पा तिला एकदाही म्हणाले नव्हते की, हे कुठून काढलंस?

“अगं, पाणी ठेवलंस का त्यांच्यासाठी?” ताईने विचारलं.

“ठेवलंय, ताई.”

“झाकण?”

“झाकणही ठेवलंय.”

दोघीही हसल्या. दात दिसतील एवढंच.

*

लिफ्टवाले चारला पाच मिनिटं कमी असताना आले. आप्पांचे सगळ्यात जुने ग्राहक, साठीचे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दर वेळी आत शिरताना ते मोठ्याने म्हणायचे, “काय आप्पा, तुमचा जिना अजून जिनाच आहे का? एक लिफ्ट बसवून देतो म्हटलं.” आज ते म्हणाले नाहीत. बसले. पाण्यावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि पाणी प्यायले नाहीत.

“सुरू करा,” आप्पा त्या दोऱ्यासारख्या आवाजात म्हणाले. “आधी वाचन. मग मला एक सांगायचंय.”

ताईने वाचायला घेतलं. “एकूण कात्रणं सात. एकूण जागा दोनशे एकतीस कॉलम सेंटीमीटर. मागच्या आठवड्यात ब्याण्णव. त्यातला सगळ्यात मोठा मजकूर पुरवणीतला, पान पाच,” इथे तिचा आवाज किंचित सपाट झाला, “एकशे पंचावन्न. अनुकूल सात. तटस्थ शून्य. प्रतिकूल शून्य.”

आप्पांची मान हलली.

लिफ्टवाल्यांनी मान वर केली. “शून्य,” ते म्हणाले. प्रश्न होता की नाही ते कळलं नाही.

“हो. शून्य.”

“बरं. पुढे वाचा.”

सूनबाईने घसा साफ केला. “या आठवड्याचा कल. निवडणुकीच्या बातम्या ओसरल्यात. त्या जागी गेले तीन आठवडे बंद पडणाऱ्या यंत्रांच्या बातम्या वाढतायत. सरकते जिने, सिग्नल, शाळांच्या बस. मागच्या आठवड्यात अशा चार बातम्या होत्या, या आठवड्यात अकरा. वार्ताहर अशा बातम्या शोधत फिरतायत. एखादी लहान तक्रारही या दिवसांत मोठी होऊ शकते. त्यामुळे आपल्या बाबतीत अशी तक्रार आली तर त्याच दिवशी—”

“त्याच दिवशी काय?” लिफ्टवाल्यांनी विचारलं.

“त्याच दिवशी त्या लोकांना जाऊन भेटायला हवं. दुसऱ्या दिवशी उशीर होतो.”

“अकरा म्हणालात.”

“हो, काका. अकरा.”

लिफ्टवाल्यांनी खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि बोटाने सूनबाईकडे सरकवला. “ही बारावी. माझी.”

पडद्यावर कोणी घाईत काढलेला फोटो होता. एका रकान्याची छोटी बातमी. ‘लिफ्टमध्ये पाऊण तास तिघे अडकले, रहिवाशांचा संताप’. खाली कंपनीचं नाव स्वच्छ छापलेलं होतं.

“माझ्या ड्रायव्हरने आज सकाळी दाखवली,” लिफ्टवाले म्हणाले. “त्याला त्याच्या मेव्हण्याने पाठवली. बुधवारची आहे. काल रात्री उशिरा दोन वाहिन्यांनी उचलली. आज त्या सोसायटीच्या दारात कॅमेरे उभे आहेत. आप्पा, चांगलं छापून आलेलं वाचायला मी इथे येत नाही. ते माझी बायकोसुद्धा मला वाचून दाखवते. वाईट आलेलं माझ्याआधी तुम्हाला कळावं, म्हणून येतो. बुधवारी कळलं असतं तर मी स्वतः जाऊन आत अडकलेल्या त्या म्हाताऱ्या बाईची माफी मागितली असती. आता गेलो तर म्हणतील, कॅमेरे बघून आला.”



“कुठल्या पेपरात आहे ही?” आप्पांनी विचारलं.

लिफ्टवाल्यांनी पुरवणीचं नाव सांगितलं. “पान सहा.”

आत्या उठली. तिने फाईलमधून पान पाचचा पुठ्ठा काढला, खिडकीशी गेली आणि आप्पांच्या डोक्यावरून तो उजेडासमोर धरला. बाजारात मिळणारा तो सगळ्यात पातळ पुठ्ठा होता. सूनबाईच्या छापील गालातून, हसण्याच्या थोडं वर, उलटी अक्षरं पुसटशी दिसत होती. ‘संताप’ एवढं सगळ्यांनाच वाचता आलं.

“डिंकाखाली गेली,” आत्या म्हणाली.

*

“आत्या, मी किती वर्षं सांगतोय,” धाकटा उसळला. तो ऑफिसचं कॉम्प्युटरवरचं काम बघायचा. “कात्री आणि डिंक बंद करा. हे काम यंत्राचं आहे. तुझे डोळे आता—”

“माझ्या डोळ्यांना कागदाच्या आरपार दिसत नाही, ते विशीतही दिसत नव्हतं,” आत्या म्हणाली. “आणि तुझ्या यंत्राला का नाही दिसली रे?”

“पुरवणीतल्या बारीक बातम्या ते लोक साईटवर टाकतच नाहीत. त्याला मी काय करणार?”

“मग मी काय करणार? पाच कापलं की सहा जाणारच. त्याचसाठी दोन प्रती. दुसरी आलीच नव्हती बुधवारी.” तिने हे आप्पांना सांगितलं. ताईकडे बघितलं नाही.

“आली नव्हती?” आप्पा म्हणाले. “बावीस वर्षांत पेपरवाल्याने एकदा चूक केली, ती नेमकी बुधवारी?”

“करतोय तो हल्ली,” धाकटा म्हणाला. “बंद करून टाकू त्याला. थांबा, आत्ताच विचारतो.” त्याने मोबाईल उचलला.

आप्पा आता खिडकीबाहेर बघत नव्हते. ते लेकीचा हात बघत होते. हात पट्टीवर नव्हता, पेन्सिलीवर नव्हता. टेबलाच्या खाली, खणाच्या किल्लीवर होता. बाईच्या जातीने असं बसू नये, पोक येतं, असं तिची आई तिला सांगायची. लहानपणी काही लपवलं की ही अशीच बसायची.

सोमवारी त्यांनी सगळं ठरवलं होतं. आत्याला सांगितलंही होतं. सूनबाईकडे नाक आहे. वारा कुठून येतोय ते तिला आधी कळतं, आणि ती वाचायला लागली की आपण खिडकीबाहेर बघतो ते एवढ्याचसाठी, की ती जे सांगते ते बाहेर दिसतंय का ते बघावं. पण टोकाच्या खुर्चीला नाक नको, काटा हवा. स्वतःच्या बाजूने जराही न झुकणारा. असा काटा आपल्या घरात एकच आहे, असं त्यांना एकोणीस वर्षं वाटत आलं होतं.

ते बोलले नाहीत. घसा दुखत होता म्हणून नाही. मुलीने स्वतःहून बोलावं म्हणून ते थांबले. फोनची रिंग सगळ्यांना ऐकू येत होती.

“ठेव फोन,” ताई म्हणाली.

“लागलाय अगं, उचलेल आता.”

“ठेव. त्याने दोन टाकल्या होत्या.”

किल्ली फिरल्याचा आवाज झाला. खण जड होता, नेहमी अर्ध्यात अडकायचा. आजही अडकला. ताईला उठून दोन्ही हातांनी तो ओढावा लागला, आणि एवढा वेळ सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिने घडी केलेली पुरवणी काढली, टेबलावर पान सहा वर येईल अशी पसरली आणि पट्टी घेतली. एकपासून सातव्या खुणेपलीकडे, आठपर्यंत. एक वजा.

“पान सहा,” तिने वाचलं. आवाज आकडे वाचताना असतो तसाच होता, फक्त पहिल्या शब्दाला फाटला. “रकाना एक. उंची सात. सूर प्रतिकूल. एकूण कात्रणं आठ. जागा दोनशे अडतीस. प्रतिकूल एक.” मग तिने पेन्सिल खाली ठेवली. “काका, ही प्रत बुधवारी पहाटेपासून माझ्या खणात आहे. मी ठेवली. आत्याने विचारलं तेव्हा आली नाही म्हणून सांगितलं. मागवते म्हणाली, तर नको म्हटलं.”

“का?” लिफ्टवाल्यांना खरोखर कळलं नव्हतं.

ताईने पान उलटलं. पान पाच. सूनबाई हसत होती.

“ही घरात कोणी वाचू नये म्हणून.”

*

सूनबाईला आधी राग आला. मग आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली. म्हणजे घरातल्यांनी वाचून गप्प बसायचं ठरवलं नव्हतं. वाचायला कोणाला मिळालंच नव्हतं.

“अक्कल गहाण टाकली होतीस?” आप्पा म्हणाले. एवढ्या बारीक आवाजात कोणाला इतकं रागावता येतं हे तिला माहीत नव्हतं. “एकोणीस वर्षं! दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी समजलो असतो. तू? तुझ्या पट्टीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. आणि आत्याला खोटं सांगतेस? पेपरवाल्याच्या पोटावर पाय आणत होतीस?”

“हो, आप्पा.”

“हो काय, हो?”

“चूक झाली. मुद्दाम केली.”

आप्पा खोकायला लागले. आत्याने त्यांच्यासमोर पाणी धरलं. लिफ्टवाल्यांचं, न प्यायलेलं. आणि सूनबाई बघत राहिली. तिच्यावर आप्पा कधीच चिडले नव्हते. चार वर्षांपूर्वी तिने चुकीच्या वर्तमानपत्राला चुकीचं पत्रक पाठवलं, तेव्हा ते म्हणाले होते, “असू दे, होतं असं.” तेव्हा तिला ते किती थोर वाटले होते. आता वाटलं, परक्यावर कोण चिडतं? या क्षणीसुद्धा, या लाजिरवाण्या क्षणीसुद्धा, तिला ताईचा हेवा वाटला.

लिफ्टवाले उठले. दुमडलेल्या बाह्या त्यांनी उगाच पुन्हा दुमडल्या. “आप्पा, घरचं तुमचं तुम्ही बघा. मला एवढं सांगा, आत्ता मी काय करू? सोसायटीत जाऊ की नको?”

आप्पांना बोलता येत नव्हतं. त्यांनी ताईकडे बघितलं नाही. हाताने सूनबाईला टोकाची खुर्ची दाखवली.

खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं.

सूनबाई खुर्चीपाशी गेली, पण बसली नाही. “आज जाऊ नका, काका. आज कॅमेरे आहेत. आज तुमचे मेकॅनिक जाऊ देत. त्या इमारतीतली प्रत्येक लिफ्ट उघडून तपासू देत, कॅमेऱ्यांनी ते दाखवलं तर दाखवू दे. तुम्ही उद्या सकाळी जा. एकटे. जिन्याने चढून. कितवा मजला?”

“सहावा.”

“सहाही मजले चढून. आणि कोणाला सांगू नका. मीही सांगणार नाही.”

लिफ्टवाले तिच्याकडे बघत राहिले. मग आप्पांकडे. “चार आठवडे,” ते म्हणाले. “चार आठवडे मी दर शुक्रवारी येणार. एकही बातमी डिंकाखाली गेली तर पाचव्या शुक्रवारी येणार नाही.” दारातून ते मागे वळले. ताईला म्हणाले, “आणि तुम्ही बाई, मोजायचं सोडू नका. पुढच्या वेळी आधी वाचा, मग रागवा.”

*

जिन्यावरची पावलं थांबली, तेव्हा धाकटा आप्पांना धरून वर घेऊन गेला. जाताना आप्पा लेकीच्या खुर्चीमागून गेले. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर क्षणभर टेकला. तोल सावरायला असेल.

आत्याने पुरवणी पुन्हा पान सहावर उलटली, कात्री घेतली आणि ताईच्या हातात दिली.

“तूच काप.”

ताईने कात्री घेतली.

“वेडे,” आत्या हळू आवाजात म्हणाली, सूनबाईला ऐकू जाणार नाही असं तिला वाटलं होतं, “दादाने तुझंच ठरवलं होतं. सोमवारी, जेवायच्या आधीच मला म्हणाला.”

ताईच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. फक्त कात्रीची दोन पाती एकमेकींवर एकदा उगाच मिटली.

एका रकान्याची, सात सेंटीमीटरची बातमी. तिने कात्री समासात घातली आणि थांबली. पानाच्या पाठीमागे त्याच जागी फोटो होता. ही चौकट कापली की उलट बाजूला सूनबाईच्या चेहऱ्यात भोक पडणार होतं. बुधवारी पहाटे कोणी तिला हे करायला सांगितलं असतं, तर तिने आनंदाने केलं असतं. आता ते कामच होतं. नियमच तसा होता. फाईलमध्ये मूळ कागद लागतो, झेरॉक्स चालत नाही.

तिने कात्री काढून घेतली.

“झेरॉक्स लावू,” ती म्हणाली.

“आणि नियम?” आत्याने विचारलं.

“एवीतेवी मोडलाच आहे.” तिने पुरवणीची घडी केली आणि न बघता टेबलावरून सरकवली. “तुझ्या आईने अंक मागितला होता ना? काल फोनवर बोलत होतीस.”

“तुम्ही ऐकलंत?”

“या घरात सगळं ऐकू येतं. बोलत कोणी नाही.”

सूनबाईने घडी उलगडली. आप्पांची खुर्ची तिच्या मागेच होती, तरी ती उभीच होती. समासात पेन्सिलीने एक आकडा लिहिला होता. १६०. त्यावर काट मारली होती, कागद फाटेल इतक्या जोरात. खाली बारीक अक्षरात १५५.

“ताई, हे काय? आधी एकशे साठ?”

“बत्तीस उंची धरली होती. पाच रकाने.”

“म्हणजे?”

ताईने पितळी पट्टी उचलली, झिजलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

“एक वजा करायचं विसरले.”

“तुम्ही?”

“एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.” तिने पट्टी टेबलाच्या कडेला समांतर ठेवली, मग जरा सरळ केली. “होतीस त्यापेक्षा पाचने मोठी दिसलीस. बस आता. खुर्ची रिकामी ठेवू नये.”